भेसळीचा व्यायाम

“ही भेसळ आहे, शुद्ध भेसळ!” मास्तर पलंगावरून ओरडले. “एक काय ते धर. नाचायचं तर नाच, वजन उचलायचं तर उचल.”

त्यांची बायको नाचतच होती. स्टुलावर मोबाईल टेकवलेला, त्यात एक पोरगी “पाय बदला, वळा, हसा!” म्हणत होती, आणि ही पन्नाशीची बाई शिलाईमशीन भिंतीकडे सारून, केस वर बांधून वळत होती. हसत मात्र नव्हती. गाणं संपलं तसा तिने तो व्हिडिओ अर्ध्यावर सोडला आणि दुसरा लावला. त्यातला दाढीवाला गडी सदानकदा डाफरायचा. त्याचं नाव तिने हवालदार ठेवलं होतं. हवालदार सांगेल तसे वाळू भरलेले डबे ती मांड्यांच्या जोरावर उचलू लागली. शेवटी एक पांढऱ्या केसांची आजी यायची, नुसता श्वास घ्यायला आणि सोडायला शिकवणारी. तिघांपैकी एकाचाही अभ्यासक्रम हिने पुरा केला नव्हता. नुसत्या हवालदाराला ती आठवड्यात विटली असती, आणि नुसत्या नाचाने दंडात ताकद येत नाही. म्हणून सगळ्यांचं थोडं थोडं. पण रोज.

मास्तरांचा जीव यात गुदमरायचा. उभी हयात शाळेच्या मैदानावर गेलेली. कवायतीत एकाचं पाऊल चुकलं तर अख्ख्या वर्गाला पहिल्यापासून सुरू करायला लावणारा माणूस. अर्धांगवायूने डावा हात आणि डावा पाय नेला. तोंड तेवढं शाबूत ठेवलं.

“गुडघा पुढे जातोय!”

“जातोय तर जाऊ द्या,” ती धापा टाकत म्हणाली, आणि गुडघा मागे घेतला.

आज दुपारी मास्तरांचा धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता. शुश्रूषा केंद्रात त्याने खोली बघून ठेवली होती. आणि त्याला फोन करून बोलावलं होतं कुणी, तर खुद्द मास्तरांनीच! मागे एकदा ती त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला गेली आणि दोघंही जमिनीवर आले. मास्तर आयुष्यभर ‘तीन’ म्हणताच उसळी मारणारे. हवालदाराच्या तालमीत ‘तीन’ झालं की दम धरायचा, मग उचलायचं. हे उसळले तेव्हा ती तयार नव्हती, आणि ती उचलायला गेली तोवर हे कोसळले होते. तिचा खांदा काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी भावाला फोन लावला. तिला विचारलंसुद्धा नाही. खांदा बरा झाला, पण तो राग काही गेला नव्हता.

भाऊ आला. पलंगाशेजारी चाकांची खुर्ची बघून त्याने कपाळाला हात लावला.

“वहिनी, हट्ट पुरे झाला. कंबर मोडून घ्याल. मग तुम्हा दोघांना कोण बघणार?”

“भावजी, तुम्ही बसा. मी यांना खुर्चीत बसवलं तर गाडी रिकामी न्यायची. नाही जमलं तर यांची बॅग मी स्वतः भरते. पण हात लावायचा नाही.”

“अगं, असल्या पैजा कशाला...” मास्तर म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. फोन करताना मला विचारलं होतंत?”

मास्तरांनी निमूटपणे अंगावरची चादर बाजूला सारली. नवलच म्हणायचं.

तिने खुर्ची त्यांच्या धड बाजूला लावली, ब्रेक ओढले. त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, त्यांच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा भिडवला आणि त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यात दोन्ही हात घातले.

“एक,” मास्तरांनी सवयीने सुरुवात केली.

“मोजायचं नाही. माझ्याबरोबर श्वास घ्या. सोडला की उठायचं.”

“ही कुठली पद्धत...”

“अहो, श्वास!”

पहिला त्यांनी घाईने घेतला आणि घाईने सोडला. ती हललीच नाही. मग ते तिच्या तोंडाकडे बघू लागले. पुढचा श्वास दोघांनी मिळून घेतला, मिळून सोडला, आणि ती मांड्यांच्या जोरावर उठली. मास्तर उभे राहिले. हेलकावले. भाऊ धावला.

“लांब राहा!” ती ओरडली. तिने पाय बदलला, वळली, मास्तरांना आपल्याबरोबर वळवलं. लग्नानंतर इतकी वर्षं दोघं कधी नाचले नव्हते, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं की आता नाचताहेत. मग गुडघे वाकवत तिने त्यांना अलगद खुर्चीत सोडलं.

अंगभर घाम. पण पोटातून असा आनंद उसळला की ती भिंतीला टेकून हसत सुटली.

भाऊ हसला नाही. “जमलं खरं,” तो म्हणाला. “पण वहिनी, एकदा जमणं वेगळं आणि रोज जमणं वेगळं. आज नशिबाने साथ दिली.”

तिने घाम पुसला.

“मला परत पलंगावर ठेव,” मास्तर म्हणाले.

तिचं हसू मावळलं. बॅग कपाटावर होती. तिची नजर तिकडे गेली.

“अगं, ठेव म्हणतो ना,” मास्तर कडाडले. धड हात त्यांनी आधीच तिच्या गळ्यात टाकला होता. “ठेव, आणि लगेच परत उठव. याला रोजचं बघू दे.”