दोन शिट्ट्या
सगुणाबाईनं घोटीत शिट्टी फुंकली की कसाऱ्याला रेल्वे थांबायची, असं तिचा नवरा नाथा छातीठोक सांगायचा. "रेल्वे थांबती, हा बाबा थांबंल तर शपथ," ती म्हणायची. रस्ता दाबायच्या जुन्या रोलरवरून नाथाला मागचं दिसायचं नाही. वीस वर्षं ती मागून चालली. मागं मोकळं असलं की ती दोनदा फुंकायची, मगच तो मागं घ्यायचा. दिवाळीत ती वारली. आता नवा रोलर: गार केबिन, मऊ खुर्ची, मागचं दाखवणारा पडदा. पहिल्याच दिवशी नाथा गरम डांबरावर थांबला अन् थांबूनच राहिला. "काका, मागं घ्या! खड्डा पडेल!" इंजिनीअर फोनवर ओरडला. "पडद्यावर बघा, मागं कुणी नाहीये." "तेच बघतोय, साहेब." चाक रुतायला लागलं. नाथानं खिशातून तिची शिट्टी काढली, दोनदा फुंकली अन् दांडा ओढला. रेल्वे थांबवणारी शिट्टी काचेबाहेर कुणालाच ऐकू गेली नाही.