इंजिनात जीव आल्यावर

धाकटी लेक यमू जन्मली त्या साली, महायुद्ध चालू असताना, नागपुरात गोऱ्यांची लढाऊ विमानं उतरली, आणि चितारओळीत मूर्ती रंगवणाऱ्या सोनबा चिताऱ्याला सोनेगावच्या धावपट्टीवरून बोलावणं आलं. तिथल्या एका वैमानिकाने मासिकातलं एक चित्र पुढे केलं. विमानाच्या नाकावर अशीच तोकड्या कपड्यांतली हसरी बाई हवी होती. ती सोबत असली की माणूस जिवंत परततो, अशी त्या पोरांची श्रद्धा.

तिसऱ्या दिवशी बाई रंगवून झाली, पण डोळ्यांची जागा कोरीच.

"काहून बुवा, आंधळी बाई धाडता का त्याच्यासंग?" फिटर सदाफळे म्हणाला. "उद्या लढाईवर चालला थो. घाबरून रायला ना!"

"मूर्तीत जीव आल्याबिगर आम्ही डोळे उघडत नाही, बाप्पा. इंजिन चालू करा म्हणा त्याले."

सगळे हसले. वैमानिक हसला नाही. थेट विमानात चढून बसला.

बैलगाडीच्या चाकाएवढं ते गोल इंजिन आधी खोकलं, त्याने निळा धूर ओकला, आणि मग त्याचे चौदा सिलिंडर एका दमात गरजले. शिडी थरथरली, धोतर फडफडलं, सोनबाला स्वतःच्या छातीचा ठोका ऐकू येईना. एवढा जीव त्याने कोणत्याच मूर्तीत पाहिला नव्हता. त्याने इंजिनाला हात जोडले, कुंचला उचलला आणि दोन बुबुळं ठेवली. हात तसूभर हलला नाही.

ते विमान प्रत्येक खेपेला परत आलं. वैमानिक पुढल्या फाल्गुनात, छावणीतल्या खाटेवर, हिवतापाने वारला.