गूळपाणी

परदेशातल्या क्रांजीच्या युद्धस्मारकात, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या हिंदी शिपायांच्या भिंतीवर, अश्लेषाला आपल्या चुलत आजोबांचं नाव सापडलं. तिने त्याखाली पाण्याने भरलेला तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला.

"इथे फुलं ठेवतात," तिचा नवरा सारंग पुटपुटला. "लोक बघतायत."

"बघू देत. एवढ्या लांब लढायला आले, सत्तर वर्षांत ह्यांना कुणी पाणी विचारलं नाही."

तिने डोळे मिटून हात जोडले. समोरून घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला.

डोळे उघडले, तर तांब्या रिकामा. गूळ नव्हता. खालची फरशी कोरडी ठणठणीत.

तिने बाटलीतलं पाणी ओतलं आणि या वेळी बघत राहिली. तांब्या जागचा हलला नाही, पाणी मात्र उतरत गेलं. घोटाचा आवाज शेजारच्या नावापाशी आला, मग त्याच्या खालच्या.

बाटली संपली. तेव्हा पलीकडच्या भिंतीत कुणीतरी कोरड्या घशाने खाकरलं. मग त्यापलीकडच्या. मग सगळ्याच भिंतींत.

सारंगने तिचा दंड धरला. "चल इथून."

तिने दंड सोडवला आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

"नळ गेटपाशी आहे. सगळ्यांचं पिऊन झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."