एक गाणं उजेडात

"आज लाईट माझ्या तोंडावर पडली पायजे," अयोध्याबाई म्हणाल्या आणि टेम्पोच्या फाळक्यावर पाय सोडून बसल्या.

त्यांच्या मागं हौद्यात सगळा माल होता. रंगीत लाईटी, लोखंडी खांब, वायरींची भेंडोळी. बाई उठल्याशिवाय त्यातला एक बोल्टही खाली उतरणार नव्हता. इकडं तामलवाडीतला हळदीचा मांडव भरत चालला होता आणि दिवस कलला होता.

"काकू, जिद नका करू," शब्बीर म्हणाला. "आजच कशाला?"

"आज माझं माहेर हाय म्हणून."

ऑर्केस्ट्रा शब्बीरचा, लाईटी अयोध्याबाईंच्या. त्यांचे यजमान रामहरी तुळजापुरात लाईटी भाड्यानं द्यायचे. ते गेले, माल राहिला. शब्बीर माल मागायला आला तेव्हा बाईंनी एकच अट घातली: जिथं माझा गळा, तिथंच माझा माल. लग्नाआधी त्या गावच्या भजनात गायच्या आणि गाव मान डोलवायचं, निदान त्यांना तसं आठवत होतं.

शब्बीरनं त्यांचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग बराच वेळ तो आपला कीबोर्ड फडक्यानं पुसत बसला. शेवटी त्यानं तोड काढली. गळा तुमचा, चेहरा पोरीचा. लोकांना समोर तरणीताठी लागते काकू, जमानाच खराब आहे.

तेव्हापासून अयोध्याबाई स्टेजच्या पडद्यामागं, दोन अजस्र स्पीकरांच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गात. तिथं कानठळ्या बसत, म्हणून पायाशी एक छोटा स्पीकर असे. त्यात त्यांना त्यांचा आवाज ऐकू येई. पुढं करिश्मा चमचमती साडी नेसून ओठ हलवी. तिच्या हातातला माईक शोभेचा. टाळ्या तिला, हार तिला, फोटो तिचे. अयोध्याबाई मनात म्हणत, खा बाई, उष्टं खा.

आत्ता करिश्मा टेम्पोच्या सावलीत उभी राहून आल्याचा काढा पीत होती.

"ओठ हलवायला काढा लागतो व्हय गं?" अयोध्याबाईंनी विचारलं.

"सवय हाय, काकू," करिश्मा म्हणाली आणि कप तोंडाला लावला.

मागं हिला ताप आला तर शब्बीरनं मंगरूळचा कार्यक्रमच रद्द केला होता. गाणारी ठणठणीत, बाहुलीला ताप, म्हणून खेळ बंद! अशानं धंदा होत असतो का, हे अयोध्याबाईंनी त्याला तेव्हाच ऐकवलं होतं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. माणूस तसा गुणाचा.

पण आजचं दुखणं वेगळं होतं. दुपारी भावजय रुद्रम्मा टेम्पोपाशी येऊन गेली होती. सोबत चार बायका.

"वन्सं, वायरी गुंडाळायला येता व्हय बँडसंग? बरं झालं. रिकामं बसण्यापरीस बरं. त्या पोरीचा आवाज मातर लई गोड हाय बघा. ह्यो ऐका." तिनं फोन पुढं केला. फोनमध्ये करिश्मा ओठ हलवत होती.

अयोध्याबाईंना तो आवाज आपला वाटला नाही. पण फोनमधला स्वतःचा आवाज कुणालाच आपला वाटत नसतो, हे शब्बीरनं त्यांना फार पूर्वीच समजावून सांगितलं होतं. 'तो गळा माझा हाय, वहिनी' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि पडद्यामागच्या सवयीनं तिथंच थांबले.

"वायरी गुंडाळायला!" आता त्या शब्बीरला म्हणाल्या. "एक गाणं उजेडात म्हणू दे. न्हायतर टेम्पो वळीव माघारी."

शब्बीरनं करिश्माकडं पाहिलं. करिश्मानं कप खाली ठेवला.

"म्हणू द्या की, मास्तर," ती म्हणाली. "काकूंना पुढं उभं करा. मी मागं बसते, त्यांच्या खुर्चीवर."

"तू मागं काय करणार?" अयोध्याबाई.

"बसते आपली."

"बस. कान उघडे ठेव. चार गोष्टी शिकशील."

शब्बीर म्हणाला, "फक्त एक करा काकू. माईक तोंडापासून हलवू नका."

"मला शिकवतो व्हय रे?" त्या फाळक्यावरून उतरल्या.

दिवे लागले. दोन गाणी झाली. तिसऱ्याला करिश्मा पडद्यामागच्या खुर्चीवर गेली आणि अयोध्याबाई पदर खोचून पुढं आल्या. लाईटवर धुळाप्पा होता. त्यानं सगळ्या लाईटी मालवल्या आणि एकच पांढरा झोत बाईंच्या तोंडावर सोडला. त्यांना काही दिसेना. मग हळूहळू पहिली रांग दिसली आणि रांगेत रुद्रम्मा.

अयोध्याबाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि मांडव त्या गळ्यानं भरून गेला. पोरांचा दंगा थांबला. हळद लावायला बसलेल्या बायकांचे हात हवेत राहिले. "अगं बया, अयोध्या गाती!" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. रुद्रम्मा उठली, स्टेजच्या कडेला आली आणि सगळ्यांदेखत तिनं नणंदेवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. अयोध्याबाईंचे डोळे भरून आले. एवढ्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

धुळाप्पालाही भरून आलं असावं. त्यानं धुराच्या मशीनचं बटण दाबलं ते सोडलंच नाही. पांढरा लोट थेट बाईंच्या तोंडात गेला. असा ठसका लागला की त्या कमरेत वाकल्या. माईक गुडघ्याशी आला. एक हात छातीवर, तोंडातून शब्द फुटेना, श्वाससुद्धा गावेना.

गाणं चालूच राहिलं. कडवं पुरं झालं, ताल सुटला नाही, आणि वरचा सूर नेहमीसारखाच अलगद लागला.