मागीलप्रमाणे

तपासनीसाने लाल बटण दाबलं आणि रोलर जागच्या जागी थांबला. त्याने मशीन पुन्हा सुरू करायला लावलं, पुन्हा बटण दाबलं. रोलर पुन्हा थांबला.

“बघितलंत ताई?” तो हळूच म्हणाला. “नुसतं बोट टेकवलं तरी पुरतं.”

जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे उभी असलेली बाई रोलरकडे बघत होती. तीन आठवड्यांपूर्वी याच रोलरमध्ये तिच्या नवऱ्याची बाही अडकली होती. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून तो दिवसभर गात असे. आता तिथे नुसती घरघर उरली होती.

सगळं मशीन पुठ्ठ्याच्या धुळीने माखलेलं होतं. बटण तेवढं लकलकत होतं.

“पुसून घेतलं,” कुणी विचारलं नसताना मॅनेजर म्हणाला. “तुम्ही येणार म्हटल्यावर.”

तिघं ऑफिसच्या खोलीत येऊन बसली. चहा आला. बाईने कपाला हात लावला नाही.

“साहेब, एकच सांगा,” ती म्हणाली. “बटण हाताशी होतं, चालत होतं, तरी ह्यांनी दाबलं नाही. असंच लिहिणार ना तुम्ही?”

“जे दिसतं ते लिहावं लागतं, ताई.”

“म्हणजे निष्काळजीपणा.”

तपासनीसाने मान खाली घातली. अहवालात तो एकच शब्द लिहायचा राहिला होता आणि आज तो लिहायचा होता.

“अहो, घराला कुलूप लावून जिना उतरलो की हा माणूस परत वर जायचा, गॅस बंद केलाय का बघायला. एकदा नाही, दोनदा! मी वैतागायचे. आणि म्हणे निष्काळजी. लेकीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझे बाबा वेंधळे होते. घरी येऊन विचारते, आई, खरंच होते का गं? काय सांगू मी तिला?”

तपासनीस काही दगड नव्हता. त्याच्याकडे पन्नास-साठ कारखाने होते, एक खिळखिळी स्कूटर होती आणि कंबरदुखी होती. दर तीन महिन्यांनी तो इथे यायचा, एक चक्कर मारायचा, भेटीची वही भरायचा. चार वर्षं झाली होती. वही मिटली की गवई गाणं थांबवून हटकून विचारायचा, “साहेब, आमचं लिहिलंत ना?” आणि तो म्हणायचा, “लिहिलं रे बाबा, लिहिलं!” मग गवई हसून पुढची तान घ्यायचा. तो चेहरा आठवून तपासनीसाला भडभडून आलं. असा माणूस, आणि साधं बटण दाबायचं सुचू नये?

“ते मशीनला घाबरायचे,” बाई म्हणाली. “मी म्हटलं होतं, सोडा हे काम, दुसरीकडे बघा. तर मलाच समजावलं. ‘अगं, साहेबांनी बटणाचं वहीत लिहून ठेवलंय. आता कसली काळजी?’ तुमच्यावर फार भरवसा होता त्यांचा.”

हे ऐकून तपासनीस हलला. निदान हा भरवसा तरी खोटा नव्हता, एवढं तिला दाखवावं असं त्याला मनापासून वाटलं. त्याने टेबलावरची वही ओढली आणि शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं.

“हे बघा. अपघाताच्या आधी वीस दिवस. माझीच सही आहे.”

पानावर एकाखाली एक आठ कलमं छापलेली होती. समोरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द आडवातिडवा पसरला होता.

“मागीलप्रमाणे,” तिने वाचलं. “म्हणजे?”

“म्हणजे मागच्या भेटीत होतं तसंच. बदल नाही.”

तिने एक पान मागे उलटलं. मागीलप्रमाणे. आणखी एक उलटलं. मागीलप्रमाणे.

“मग मागे काय होतं?” तिने साधेपणाने विचारलं.

“सगळं ठाकठीक होतं, ताई. पहिल्या भेटीत मी एकेक वस्तू हाताने तपासली होती. दाखवतो की.”

“कशाला जुनं उकरायचं, साहेब?” मॅनेजर घाईने म्हणाला. “चहा निवतोय.”

“निवू दे. त्यांना बघायचंय ना, बघू दे.”

पंधरा पानं मागे गेल्यावर पहिलं पान आलं. अक्षर त्याचंच होतं, नव्या नोकरीतलं, टपोरं, वळणदार. एकेका कलमापुढे पूर्ण वाक्य. तेव्हा किती मन लावून काम करायचो आपण, असं त्याला वाटून गेलं.

“मोठ्याने वाचाल?” बाईने पदर सावरला. “लेकीला जसंच्या तसं सांगेन.”

तपासनीसाने चष्मा लावला आणि शांत, धीर देणाऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“एक. आग विझवण्याची नळकांडी भरलेली आहेत. दोन. बाहेर पडण्याचे दरवाजे मोकळे आहेत. तीन. जिन्याला कठडा आहे. चार. विजेच्या तारा झाकलेल्या आहेत. पाच. पट्ट्यांवर जाळी बसवलेली आहे. सहा. प्रथमोपचाराची पेटी जागेवर आहे.”

मॅनेजर उठून खिडकीशी गेला होता.

“सात. रोलरचे लाल बटण दाबले असता मशीन थांबत नाही. तातडीने बदलून घ्यावे.”