आधीचं घर

“व्हाय डिड यू लीव्ह युअर लास्ट हाउस?” इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी पुन्हा विचारलं. आधीचं घर का सोडलं?

मावशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. वर्गातल्या बायकांत त्या वयाने थोरल्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. बाकीच्या घरकामासाठी पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या. मावशी एकदा जाऊन, काम अर्ध्यात टाकून परत आल्या होत्या. आता थोड्याच वेळात नवी मालकीण लॅपटॉपवर त्यांची मुलाखत घेणार होती.

मावशींनी ओठांवरून जीभ फिरवली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “मॅडम बर्न माय हँड. विथ आयर्न.”

“बर्न्ड,” बाई म्हणाल्या. “होऊन गेलेली गोष्ट आहे ना? मग बर्न्ड.”

“बर्न्ड.” मावशींनी बाही वर सरकवली. कोपराच्या खाली इस्त्रीचं टोक जसंच्या तसं उमटलं होतं.

बाईंना चूक आधी ऐकू आली होती, वाक्य मागाहून.

तेवढ्यात बायकांना परदेशी कामाला पाठवणाऱ्या या संस्थेचे मालक दारात आले. “झाली का तयारी, मॅडम?”

“सर, यांचा हात पाहा.”

“पाहिलाय. म्हणूनच लांब बाह्यांचं घालून यायला सांगितलं.” ते आत आले नाहीत. “खरं सांगितलं तर भांडखोर म्हणून शिक्का बसेल. कोण घेईल घरात? ‘माय काँट्रॅक्ट फिनिश्ड’. एवढंच पाठ करून घ्या.” मग आवाज जराही न चढवता म्हणाले, “आणि हो, तुमचा इथला व्हिसा वाढवायचे कागदही याच आठवड्यात पाठवायचेत. आठवण करा मला.”

ते गेल्यावर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “मावशी, नका जाऊ.”

“न जाऊन काय करू? लेक गेली, तिची दोन पोरं माझ्या पदरात टाकून.” मावशींनी बाही नीट केली. “तुम्ही नाही का आलात तुमच्या देशातून एवढ्या लांब इंग्रजी शिकवायला? आईबाप सोडून हौस म्हणून थोडंच कुणी येतं? सांगा ते वाक्य.”

बाईंनी सांगितलं. मावशींनी ते घोटून घोटून म्हटलं. ‘फिनिश्ड’पाशी जीभ अडायची, तीही हळूहळू सुटली.

पडद्यावरची मालकीण तरुण होती. खांद्यावर तान्हं मूल. स्वयंपाक येतो का, बाळाला सांभाळाल का, रात्री उठाल का? मावशींनी सगळ्याची उत्तरं दिली. बाळ रडायला लागलं तेव्हा त्यांनी इकडून चुचकारलं, आणि मालकीण चक्क हसली. मग तिने विचारलं, आधीचं घर का सोडलं?

मावशींनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. दारात संस्थेचे मालक येऊन उभे राहिले होते.

“तिला प्रश्न कळला नाही का?” मालकीण म्हणाली. “शिकवणाऱ्या कुणी आहेत का तिथे?”

मावशींनी लॅपटॉप बाईंकडे वळवला.

बाईंना पडद्यावर ते बाळ दिसलं, त्याला थोपटणारा हात दिसला. चांगली असेल ही, त्यांनी स्वतःला सांगितलं. दिसते तरी चांगली.

“हर काँट्रॅक्ट फिनिश्ड,” त्या म्हणाल्या.

मालकिणीने मान डोलावली. पुढच्या महिन्यात पाठवा म्हणाली. पडदा काळा झाला. दारातले मालकही समाधानाने निघून गेले.

मावशींनी टेबलाखालून बाईंचा गुडघा थोपटला, शाळेतून आलेल्या पोराला थोपटावं तसा.

“छान बोललात, बाई,” त्या म्हणाल्या. “एकदासुद्धा अडखळला नाहीत.”