बरगडीतला तुकडा

“नाकाला दोन भोकं असतात. तुझी दोन्ही चालू आहेत. मग दुरुस्ती कसली करायची?” प्राध्यापकांनी विचारलं.

लेक फोनचा कॅमेरा त्यांच्यावर रोखून बसली होती. “जरा खिडकीकडे बघून बोला ना, बाबा.”

“बाजूने फोटो काढायला मी काय कैदी आहे?”

“आत्याला पाठवते. चिडलात की तुम्ही रुबाबदार दिसता.”

प्राध्यापक खिडकीकडे वळले, पण ते केवळ वैतागून. त्यांच्या नाकावर मधोमध उंचवटा होता आणि शेंडा खाली वळलेला. भौतिकशास्त्राच्या वर्गांतून कित्येक पिढ्यांनी त्यांना ‘पोपट’ म्हटलं होतं. निरीक्षण अचूक असल्यामुळे त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती.

लेकीचं नाक मात्र बसकं. आत्या, म्हणजे प्राध्यापकांची थोरली बहीण, हा विषय शिळा होऊ देत नसे. “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं,” असं ती हसत हसत, पण नेमकं ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. कमावत्या, शहाण्या मुलीने ते मनाला लावून घ्यावं आणि चाफेकळी नाकासाठी भूल घेऊन टेबलावर पडावं, हा प्राध्यापकांना आपल्या संगोपनाचा पराभव वाटत होता. खरं कारण ते स्वतःशीही कबूल करत नसत. तो चेहरा त्यांना जसा होता तसाच हवा होता.

सर्जनपुढेही त्यांची उलटतपासणी थांबली नाही.

“बरगडीतली थोडी कूर्चा काढायची आणि नाकाच्या दांड्यावर बसवायची,” सर्जन म्हणाले. “यांच्या बाबतीत जरा जास्त लागेल.”

“जास्त कशाला? सरळ रेषेला इतका माल लागत नाही.”

सर्जननी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे. “मागणी यांची आहे, सर. विचार करा म्हणून मी एकदा परतही पाठवलं होतं. ऐकत नाहीत.”

“यात मला नवीन काही नाही,” प्राध्यापक म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली आणि घराचा दवाखाना झाला. लेकीच्या डोळ्यांखाली जांभळे डाग पडले, नाकावर प्लास्टर चढलं. उशा उंच ठेवायच्या, वाकायचं नाही, चष्मा नाकावर टेकवायचा नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. बर्फाच्या पिशव्या बदलता बदलता प्राध्यापकांच्या नाकी नऊ आले. पिशवीवर किती पदरी फडकं गुंडाळलं की गारवा बेताचा लागतो, हे त्यांनी आधी स्वतःच्या गालावर तपासून पाहिलं.

“चांगल्या चाललेल्या यंत्राला हात लावू नये, हा प्राथमिक नियम आहे,” ते पुटपुटले.

“हसवू नका ना, बरगडी दुखते.”

“मी विनोद करत नाहीये.”

“म्हणून तर!”

आत्याचा फोन आला. “कसं झालंय रे नाक?”

“प्लास्टरसारखं.”

“आता तरी स्थळं बघायला घेऊ ना?”

“ताई, तू आधी फोन ठेव,” असं म्हणून त्यांनीच फोन ठेवला. मग लेकीकडे वळले. “कुठल्या नटीचं नाक मागितलंयस, ते एकदाचं सांगून टाक.”

“प्लास्टर निघालं की बघा.”

“आणि नाही आवडलं तर?”

“तुम्हाला?” लेकीचा आवाज अचानक बारीक झाला. “तुम्हाला नाही आवडलं, तर मात्र सगळंच फुकट गेलं, बाबा.”

प्राध्यापकांनी या विसंगत उत्तराचं खापर वेदनाशामक गोळ्यांवर फोडलं.

प्लास्टर काढायच्या दिवशी ते कुरकुरतच आत गेले. सर्जननी कडा ओल्या केल्या आणि साचा अलगद उचलला. प्राध्यापकांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

“मधोमध ही सूज आहे का?”

“ही सूज नाही, सर. हे असंच राहणार,” सर्जन म्हणाले. त्यांच्या स्वरात आपण हात झटकल्याचा भाव होता.

लेकीने समोर धरलेल्या आरशात पाहिलंच नाही. ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. प्राध्यापकांचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला आणि त्या उंचवट्यावर थांबला.

दोघं बाहेर आले. बाकावर बसलेल्या अनोळखी आजींनी सरकून जागा करून दिली, एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे निरखून पाहिलं आणि त्या मोकळेपणी हसल्या.

“वेगळं सांगायलाच नको! मुलगी अगदी बापावर गेलीय हो.”

अनाथाश्रमातल्या पाळण्यातून तिला उचलून घरी आणलं होतं, त्या दिवसापासून हे वाक्य त्या दोघांना कुणीही, कधीच म्हटलं नव्हतं.